खुबा माझा, बॅग तुझी

प्रिय ठमाबाई,

दादाने फोन केला आणि तू बॅग भरायला घेतलीस म्हणे. थांब जरा. एक मोडका खुबा सोडला तर मी धडधाकट आहे. ओली फरशी पुसायला फडकं टाकलं आणि त्याच फडक्यावरून घसरले. हस, हस! ऑपरेशन उद्या सकाळी आहे. या कागदाचा फोटो दादा तुला पाठवेल. फोनवर बोलले असते तर रडले असते.

इथल्या इमर्जन्सीत एक्स-रेच्या टेबलावर घेताना मी जी किंचाळले, अगं, तुझी आजीच आठवली. तिचा खुबा मोडला तेव्हा तिची कूस बदलायची म्हटली की अख्खी गल्ली गोळा व्हायची आणि तू कपाटामागे कान दाबून बसायचीस. डॉक्टर व्हायचं खूळ तिथेच तुझ्या डोक्यात शिरलं असणार.

मग तुझ्याच वयाची एक डॉक्टरीण आली. म्हणाली, जांघेत इंजेक्शन देऊन तिथल्या नसा बधिर करते. माझ्या मांडीवर पेनाने बाण काढला. सुई हातात घेतली आणि सगळेच थांबले, मलाच विचारलं, कोणता पाय? मी वैतागले. मेल्यांनो, बाण दिसत नाही का! नर्स हसून म्हणाली, चुकीच्या बाजूला सुई जाऊ नये म्हणून दर वेळी विचारतो. काय ती शिस्त गं! मग गार गार जेल लावून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, तिने अगदी हळू सुई घातली.

थोड्या वेळाने मला वॉर्डच्या पलंगावर घ्यायचं ठरलं. मी डोळे मिटले, दादाचा हात पिरगळला. वाट बघतेय, बघतेय, डोळे उघडले तर पलंगावर! ठणका होता, पण शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं इतका लांब. त्या पोरीचा हात धरून मी ढसाढसा रडले.

आता ऐक. हेच इंजेक्शन तुमच्या इमर्जन्सीत सुरू व्हावं म्हणून तू वर्षभर तुमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या मागे लागलीस. उद्यापासून परवानगी मिळालीय, तिथे ते तुझ्याशिवाय कुणाला येत नाही, आणि तू इकडे निघालीस! मला तू हवी आहेस, खोटं कशाला बोलू. ऑपरेशनला नेताना मी दाराकडे बघेनच. पण तुझ्याकडे खुबा मोडून ट्रॉलीवर जी कुणी येईल, तिला उचलण्याआधी तू तिथे असायला हवीस. बॅग रिकामी कर. आणि सुई घालण्याआधी विचार हं, कोणता पाय.

तुझीच,
लंगडी आई