सुल्माला सोडायला मीच जाणार

शनिवार, ७ फेब्रुवारी
पोरीचं, सुल्माचं, नेमणुकीचं पत्र आलं. नर्स झाल्यावर एक वर्ष खेड्यात सेवा करावी लागते. तिला मिळालं डोंगरापलीकडचं गाव. आमच्या एल आल्तो शहरापासून सहा तास. गुरुवारी, १९ला, हजर व्हायचंय.

जेवताना जाहीर केलं, सोडायला मीच जाणार, माझ्या गाडीतून. सगळे गप्प झाले. भारावले असावेत.

मग हिलारियाने तोंड उघडलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, अजून आधी तोंड उघडते मग विचार करते. म्हणाली, म्हाताऱ्या, जाशील उजेडात, पण येशील कसा? तुझ्या दिव्यांपेक्षा माझ्या दुकानातली मेणबत्ती बरी. पोरगी फेर्मीनच्या मिनीबसमधून जाईल.

फेर्मीन म्हणजे शेजारी. सुल्माचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून नात्याने माझा कोंपाद्रे. तिची पहिली सायकल त्याने आणली. नर्सचा पहिला पांढरा ड्रेस त्याने शिवून दिला. आता सोडायलाही तोच? मग बाप कशाला आहे?

गाडी तेहतीस वर्षांची, पण इंजिन ठणठणीत. हेडलाइट तेवढे जरा पिवळे पडलेत. इतक्या उंचीवरचं ऊन प्लॅस्टिक भाजून काढतं, त्याला गाडी काय करणार? मी तंत्रशाळेत अठ्ठावीस वर्षं ‘प्रकाश’ हा धडा शिकवलाय. अर्ध्या तासाचं काम.

रविवार, ८ फेब्रुवारी
टूथपेस्टने घासले. दिवे पिवळेच, पण वास छान येतो. फेर्मीन कुंपणावरून म्हणाला, बाजारात जुन्या गाड्यांचे चांगले दिवे मिळतात, जोडी आणतो, स्क्रू काढायचे की झालं. मी नको म्हटलं. उपकार करायची खोडच आहे त्याला.

रात्री घरात सगळ्यांनी मिठाने दात घासले. कुरकुर माझ्या नावाने.

मंगळवार, १० फेब्रुवारी
लिंबू आणि सोडा. पंधरा लिंबं. हिलारियाला सूपला एकही उरलं नाही, त्यावरून दीड तास.
कुत्र्याने डावा दिवा चाटला. डावा जास्त स्वच्छ दिसतोय. योगायोग.

बुधवार, ११ फेब्रुवारी, दुपारी १
आता शास्त्रशुद्ध. वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा सँडपेपर, घ्यायला गेलो. दुकानदारीण विचारते, कुठला नंबर? मोठा नंबर म्हणजे जाड, लहान म्हणजे बारीक, साधा तर्क आहे. नाजूक काम म्हणून ऐंशी मागितला. ती म्हणाली, दरवाजे घासायचेत का प्रोफेसर? माझ्याच शाळेतली निघाली. धड्यात लक्ष नसणार.

दुपारी ४
दिवे बाथरूमच्या खिडकीच्या काचेसारखे दिसतात. बाजूचा रंगही थोडा गेला. थोडा म्हणजे तळहाताएवढा. फेर्मीन कुंपणावर हजर. काय कोंपाद्रे, आत कुणी आंघोळ करतंय का? हसला. मिनीबस धुवायला त्याला वेळ नसतो, कुंपणाला असतो.

संकल्प: चिडायचं नाही. पेपर चांगल्या प्रतीचा घ्यायचा.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
सुल्मा ड्यूटीवरून येताना तीन पेपर घेऊन आली. चारशे, हजार, दोन हजार. म्हणाली, पप्पा, मोठा नंबर म्हणजे बारीक. कंपन्या आजकाल उलट छापतात वाटतं.

ती घासत होती, मी पाणी ओतत होतो आणि देखरेख करत होतो. तीन तास. बोटं सुरकुतली तिची. मध्येच हात न थांबवता म्हणाली, तिथे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा येतो. बाकी मी एकटीच. पप्पा, मला भीती वाटते.

मी म्हटलं, गोल गोल नको, आडवं घास.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
काल दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं. झोप नीट लागली नाही. ती जन्मली तेव्हा दाईच्या हातून मी तिला घेतलं, आणि तेव्हाही मी हिलारियाला म्हणालो होतो की खिडकी लाव. वेळेवर नेमकं काय बोलावं हे मला सुचत नाही. पण गाडीत सहा तास आहेत. तेव्हा बोलेन. म्हणूनच मी जायला हवं. फेर्मीन तिला सहा तास विनोद सांगेल.

शनिवार, १४ फेब्रुवारी
दिव्यांवर लॅकर मारला, म्हणजे पुन्हा पिवळे पडणार नाहीत. डब्यावरच्या सूचना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवल्या. पातळ थर द्यावा. सात दिवस पेट्रोल व अल्कोहोल लागू देऊ नये. हिलारिया म्हणाली, सात दिवसांत मंगळवार येतो, लक्षात आहे ना? मी म्हटलं, बाई, कॅलेंडर मला पण वाचता येतं.

दिवे असे झालेत की त्यांत बघून दाढी करावी. फेर्मीनला मुद्दाम बोलावून दाखवले. तो ‘वा’ म्हणाला. एकदाच, पण म्हणाला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
कार्निव्हलचा मंगळवार. सगळ्या गल्लीत चाल्या, म्हणजे शुभ शिंपणाची पूजा. घराला, दुकानाला, गाडीला फुलं आणि रंगीत कागदांची पखरण, आणि पाचामामाच्या, आमच्या धरणीमायेच्या नावाने अल्कोहोल शिंपडायचं. वर्षभर घात-अपघात नको म्हणून.

चारी चाकांना दिलं. बॉनेटला दिलं. हिलारिया ओरडली, दिवे सोड! पण गल्ली बघत होती, फेर्मीन बघत होता. ज्या दिव्यांसाठी दहा दिवस राबलो तेच कोरडे ठेवू? पोरगी त्याच दिव्यांच्या उजेडात जाणार. सूचना छापणाऱ्यांच्या देशात धरणीमायेला कुणी विचारत नसेल, आमच्याकडे विचारतात. दुप्पट ओतलं. मग दोन मुठी रंगीत कागद.

दहा मिनिटांत लॅकरने दुधावरच्या सायीसारखी सुरकुती धरली. कागद आत रुतले. गुलाबी, हिरवे, पिवळे. उजव्यात एक पाकळी. फडक्याने पुसायला गेलो तर फडकं चिकटलं. कापून काढलं. काही भाग राहिला.

गल्लीत कुणी हसलं नाही. फेर्मीनसुद्धा नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

बुधवार, १८ फेब्रुवारी
अल्कोहोल भेसळीचं असावं.

फेर्मीन आला. हळू आवाजात म्हणाला, कोंपाद्रे, मिनीबस घेऊन जा, हवं तर तूच चालव. मी नाही म्हटलं. नवी योजना: सहाला निघायचं, बाराला पोचायचं, साडेबाराला परत फिरायचं. उजेडात घरी. दिव्यांची गरजच नाही. हे पहिल्या दिवशीच सुचलं असतं, पण सगळे मध्ये मध्ये बोलत होते.

हिलारियाने मागच्या सीटवर दोन ब्लँकेटं ठेवली. सुल्माला एक पुरेल, म्हटलं. ती म्हणाली, तिकडे थंडी असते.

शुक्रवार, २० फेब्रुवारी, सकाळी ७, दवाखान्यातून
काल सहाऐवजी साडेनऊला निघालो. मावश्या, रडारड, फेर्मीनने गळ्यात घातलेले हार. सहा तासांत बोलायचं ते राहिलं. आधी टायरच्या हवेवर बोललो. मग घाट लागला, तेव्हा घाटात गियर कसा टाकावा यावर. तिने सगळं ऐकून घेतलं.

गावकरी बँड घेऊन उभे होते. भाषणं, बटाट्याचं सूप, पुन्हा भाषणं. गावप्रमुख दिव्यांपाशी बराच वेळ थांबले. म्हणाले, कायमची चाल्या! कारागीर कोण? मी म्हटलं, सहजासहजी मिळत नाही तो.

तोवर सूर्य डोंगरामागे. दिवे लावून पाहिले. दवाखान्याच्या भिंतीवर गुलाबी-हिरवे ठिपके. रस्त्यावर काळोख. सुल्माने हात पुढे केला, मी किल्ली दिली.

मला रोगी तपासायच्या खाटेवर झोपवलं. तिने कडी लावली, ब्लँकेट घातलं. दुसरं ब्लँकेट कशाला ते तेव्हा कळलं. अंधारात म्हणाली, पप्पा, बरं झालं दिवे बिघडले. पहिल्या रात्री एकटीला इथे झोपच लागली नसती.

हीच ती वेळ होती. मला कळत होतं.

मी म्हणालो, बिघडले नाहीत, वाळायचे आहेत.

ती हसली. मग शांत झोपली. मी बराच वेळ तिचा श्वास ऐकत होतो.

आता ती पाणी आणायला गेलीय. टेबलावर दवाखान्याचं कोरं रजिस्टर. पहिल्या पानावर एकच नोंद, तिच्या अक्षरात. रुग्ण क्रमांक एक: सातुर्नीनो चोके, वय ६३. तक्रार: अंधारात घरी जाता येत नाही. निदान: हट्ट. उपचार: रात्रभर मुक्काम, गरम सूप.

निदान साफ चुकीचं आहे. खोडायला पेन उचललं होतं. नोंदीखाली सही केली आणि पेन ठेवून दिलं.