सकाळीच भरलेला रकाना

काका,

वेळेत कळलं असतं तर बाबांची मूत्रपिंडं वाचली असती का?

बाबांना ब प्रकारची कावीळ होती. ती मूत्रपिंडंही पोखरू शकते आणि आधी लघवीत प्रथिनं दिसतात, हे मी कॉलेजात शिकले. बाबा म्हणत होते, "लघवीला फेस येतो रे." तुम्ही हसलात. "दादा, पोरगी घरातली पहिली पदवीधर झाली, आता तूही डॉक्टर झालास की काय! रिपोर्ट मीच केलाय, नॉर्मल आहे."

त्यांनी सख्ख्या भावावर विश्वास ठेवला. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालतं.

तुमच्या लॅबमध्ये लागल्यावर पाहिलं, की लागण होईल या भीतीनं काविळीच्या रुग्णांच्या पानावर तुम्ही सकाळीच, लघवीच्या बाटल्या येण्याआधी, प्रथिनांपुढे 'नाही' लिहून ठेवता. त्याच दिवशी बोलायला हवं होतं. पण मला पुरावा म्हणून त्या पानांवर तुमच्या सह्या हव्या होत्या. आठवडाभर त्या बाटल्या मी गुपचूप तपासल्या. नऊ जणांत प्रथिनं निघाली.

हे पत्र पाठवणार नाही. तपासनीस दारात येईपर्यंत तुम्ही निवांत झोपावं, अशी माझी इच्छा आहे. नऊ जणांचे खरे निकाल मी आज त्यांच्या डॉक्टरांकडे पोचवले आणि तुमच्या सह्यांची पानं आरोग्य खात्यात देऊन आले.

तुमच्या दादाची मुलगी