पिळ्ळैयारला सोडलेली ओळ

तंजावूर, शुक्रवार, १९ डिसेंबर २००३

अजून खरं वाटत नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेल्या माझ्या खेळात कॉम्प्युटर मनात चार आकडी कोड धरतो, आपण तो ओळखायचा. आज आईला बसवलं. ती कागदावर काहीही लिहिण्याआधी माथ्याशी गणपतीची खूण, पिळ्ळैयार सुळी, काढते.

"इथं सुळीचं बटण नाही रे. पहिली ओळ त्याला मोकळी सोडते," म्हणाली आणि नुसतं एंटर दाबलं.

पडद्यावर आलं: जिंकलात.

मोकळी ओळ जिंकली? कशी? मग दिसलं. टाइप केलेलं कोडमध्ये कुठे सापडतं का, एवढंच मी तपासत होतो. रिकामं तर पायथनला कशातही सापडतं.

आई म्हणते, पिळ्ळैयार पावला. पण ऑफिसात पासवर्ड तपासायलाही मी प्रोग्रामची हीच ओळ लिहून दिली आहे. आणि तिथंही सगळे आधी सुळीच काढतात.