हातचा

गुरुवार, दि. १२
वर्गातून, शाळा सुटल्यावर

धाकट्या,

सुतार माझ्या टेबलावर उभा आहे, म्हणून मी शेवटच्या बाकावर बसून लिहिते आहे. बाक तिसरीच्या मुलांच्या मापाचा. गुडघे आत मावत नाहीत. अक्षर वाकडं आलं तर बाकाला बोल लाव.

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात, पण तुझा पेपरमधला फोटो कापायला ती न सांगता उठली. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. कपाट दिवसातून चार वेळा उघडते आणि काहीच न काढता बंद करते. तुझ्या घरी सगळे बरे असतील.

तुझं कार्ड सोमवारी आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर. मी आधी पत्ता वाचला, मग पुन्हा पत्ताच वाचला. मजकूर एका ओळीचा: "ताई, सातव्या प्रश्नाला अडतीस मुलांचं उत्तर १०४ कसं?" ना खुशाली, ना सही.

सांगते. आधी फलकाचं सांगू दे.

सुतार तोच लावतो आहे. तू शिकवून तयार केलेली सहा मुलं, जगभरच्या मुलांबरोबर गणिताच्या स्पर्धेला बसलेली, गळ्यात पदकं. खाली ठळक अक्षरांत तुझ्या लेखातलं वाक्य: "हे यश आपल्या शाळांचे." असा फलक शाळाशाळांतून लागणार आहे. फोटोतली मधली मुलगी हसत नाही. तिच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई आहे. मला ती आवडली.

सुतार गप्पिष्ट आहे. ही कोण पोरं, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाला, या शाळेतली का? नाही, म्हटलं. मग इथे कशाला, म्हणाला. मी म्हटलं, पट्टी सरळ धरा.

हेच मी दोन वर्षांपूर्वी तुझ्या घरी, तुझ्या पाहुण्यांसमोर विचारलं होतं, फक्त इतक्या सभ्यपणे नाही. सहा मुलांची उंची मोजून सगळ्या देशाला कपडे शिवू नकोस, असं म्हणाले होते मी. तू म्हणालास, ताईला वर्गाच्या भिंतींपलीकडचं दिसत नाही. पाहुणे हसले. मी ताटावरून उठले. तू थांबवलं नाहीस, मीही जिन्यात रेंगाळले नाही. खरं तर रेंगाळले होते. दुसऱ्या मजल्यावर, चप्पल नीट करायच्या निमित्ताने.

तुझा लेख मी तीन वेळा वाचला. पदकं आली म्हणजे शाळा चांगल्या, एवढंच तू म्हणत नाहीस, हे मला मान्य आहे. पदकांवरून एकट्याने काही ठरत नाही, म्हणून पाहणीचे आकडे बघा, असं तू लिहिलंस. सगळ्या शाळांतल्या तिसरीच्या मुलांची तीच चाचणी, दहा बेरजा-वजाबाक्या, सरासरी इतकी. वर सहा मुलं उंच आणि खाली जमीनही वर आलेली. युक्तिवाद चोख आहे. तू लहानपणापासून चोख.

लहानपणापासून नाही. सहा वर्षांचा होतास तेव्हा तुला बेरीज येत नव्हती. मी तुला ओट्याशी बसवून शिकवायचे. सात आणि आठ पंधरा, पाच खाली लिही, हातचा एक. तू पाच लिहायचास आणि डावी मूठ घट्ट मिटायचास. हातचा म्हणजे हातात धरायचा, सांडू द्यायचा नाही, असं तुला वाटायचं. एकदा गणित अर्धं टाकून जेवायला बसलास आणि डावी मूठ उघडेना. आई पाणी दे म्हणाली, तर तू पेला मनगटांनी धरलास. मी हसले नाही. तुझ्यासमोर तरी.

बाकी इकडची बातमी अशी, की शाळा पाहणीत "उत्तम" ठरली. म्हणून पुढच्या महिन्यापासून मागे राहिलेल्या मुलांचा जादा तास बंद. तो मी अकरा वर्षं घेते आहे. त्या वेळात निवडक आठ मुलांचा स्पर्धावर्ग भरेल. तोही मीच घ्यायचा, असं कार्यालयातले साहेब म्हणाले. तुमचे बंधूच तर आहेत, म्हणाले. कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर आहे, माझी सही व्हायची आहे. मोठ्या बाई रोज विचारतात, मी रोज पेनातली शाई संपली म्हणते. त्यांनी काल मला नवं पेन दिलं. त्याच पेनाने हे लिहिते आहे.

जादा तासाला तेरा मुलं असतात. त्यांतली एक खिडकीवाली. कुठेही बसवा, सरकत सरकत खिडकीशी पोचते. बोलत नाही. उत्तर लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. तिची वही उजेडासमोर धरली तर झिजलेल्या पानातून पलीकडचं दिसतं.

आता सातवा प्रश्न.

चाचणीच्या दिवशी बाहेरून आलेले गृहस्थ कागद वाटून मोठ्या बाईंच्या खोलीत चहाला गेले. वर्गात मी एकटी. बेचाळीस मुलं. माझ्या मुलांना एककांची बेरीज बोटांवर जमते, हातचा विसरतात. रोजच्या तासाला मी हातचा आला की एक बोट वर करते. पहिल्या बेरजेला मुलांनी सवयीने वर पाहिलं. सगळ्यांनी एकदम. मी टेबलाच्या कडेला टेकले होते. माझं बोट वर गेलं.

ते सवयीने गेलं असं लिहायचं ठरवलं होतं. पहिल्या प्रश्नाला गेलं सवयीने. दुसऱ्यापासून मीच वर केलं.

मुलांची दया आली, असंही लिहिणार होते. दया नव्हती ती. पाहणीच्या समितीत तू आहेस हे पेपरात आलं होतं. शाळांची यादी तुझ्या टेबलावर येणार, तिच्यात माझी शाळा खाली दिसेल, आणि तू काही न बोलता पान उलटशील, हे मला बघवत नव्हतं. तू भांडला असतास तर चाललं असतं. तू पान उलटलं असतंस.

सातवी बेरीज तीन आकड्यांची होती. अठ्ठेचाळीस, सदतीस, एकोणतीस. आठ, सात, नऊ, चोवीस. चार खाली, हातचे दोन. मी न बघता एक बोट वर केलं. म्हणून ११४ च्या जागी १०४. अडतीस मुलांनी माझ्या बोटावर विश्वास ठेवला. चौघांनी जागा कोरी सोडली. तुला आकड्यांतून माणसं दिसतात हे मला माहीत होतं. अडतीस मुलं एकच चूक करत नाहीत, ती एका माणसाची असते. तू ती ओळखलीस आणि समितीला न सांगता आधी मला विचारलंस. त्या एका ओळीत खुशाली नव्हती असं मी वर लिहिलं ते खोडायला हवं. राहू दे.

चाचणी झाल्यावर खिडकीवाली टेबलाशी आली. तिने आपण होऊन तोंड उघडलं, असं या वर्षात पहिल्यांदाच. म्हणाली, "बाई, माझे हातचे दोन आले होते. तुम्ही एक दाखवलंत म्हणून मी खोडलं."

मी म्हटलं, बरं.

तिला आणखी विचारायचं होतं. हातचा नेहमी एकच का असतो, आणि मग आज दोन कसे आले. धाकट्या, अठ्ठावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या सहांपैकी कुणी तिसरीत विचारलं असेल. त्यांना कुणी बरं म्हणून घरी पाठवलं नसेल, एवढाच फरक असेल. मला तिची नजर चुकवून खडू गोळा करायचे होते.

तेव्हापासून पाच आठवडे ही गोष्ट मी धरून आहे. तुझ्यासारखी, मूठ मिटून. पेला मनगटांनी धरते आहे.

म्हणजे हिशेब असा होतो. तुझ्या पदकांवरून देश कळतो असं तू म्हणालास, आणि मी तुला खोटं पाडायला निघाले. तुझी सहा मुलं खरी आहेत. त्यांनी आपल्या हाताने लिहिलं. खोटे निघाले ते माझे बेचाळीस. तुझ्या चोख लेखाखाली मी पोकळ वीट ठेवली, आणि त्याच विटेने माझ्या तेरा मुलांचा तास गेला. ज्यांना येत नाही त्यांना येतं असं मीच सांगितलं, मग त्यांना शिकवायला वेळ कोण कशाला देईल?

सहा फोटोंवरून बेचाळीस मुलं वाचता येत नाहीत, हे माझं म्हणणं अजून आहे. पण फलक आला तेव्हा मुलं त्याच्याभोवती जमली आणि खिडकीवालीने मधल्या मुलीच्या शाईच्या बोटावर आपलं बोट ठेवलं. हीपण बोटांवर मोजते का, असं तिने शेजारच्या मुलीला विचारलं. फोटोचा इतकाच उपयोग असेल तर तोही कमी नाही. त्या पदकवाल्या मुलीला विचारून कळव. खरं तेच कळव.

मघाशी सुताराने फलकाच्या तीन पट्ट्यांची बेरीज भिंतीवर पेन्सिलीने केली. अडतीस, अडतीस, सत्तेचाळीस. तीन खाली लिहिले आणि वर, दशकांच्या डोक्यावर, बारीक दोन. मी बाकावरून उठून जवळ गेले. त्याला वाटलं भिंत खराब केली म्हणून रागावणार. पुसतो, पुसतो, म्हणाला. मी विचारलं, हातचा लिहायला कुणी शिकवलं? म्हणाला, चौथीपर्यंतच होतो, पण एक बाई होत्या. चुकलं की ओरडायच्या नाहीत, कुठे चुकलं ते मलाच शोधायला लावायच्या. वेळ फार लागायचा, म्हणाला.

पदक न मिळालेला हा माणूस. बेरीज १२३, बरोबर. याला तुझ्या कुठल्या रकान्यात बसवशील ते बघ. मी त्याला भिंत पुसू दिली नाही.

उद्या सकाळी मोठ्या बाईंना वरचं सगळं लेखी देणार आहे. त्यांच्याच पेनाने. बदली होईल, किंवा आणखी काही. जादा तास त्याने परत मिळेलच असं नाही, पण तो जाण्याचं कारण तरी खोटं राहणार नाही. तू समितीला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मला वाचवू नकोस. लेखातला आकडा मात्र दुरुस्त कर.

आणि एकदा ये. भाषण द्यायला नको. खिडकीवालीच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येतं, पण तिने ते तुझ्याकडून ऐकावं असं वाटतं. दोन आकडे असले तर एकच का, तीन असले तर दोनपर्यंत का. तिला लगेच सांगू नकोस. वेळ फार लागू दे.

सुतार टेबलावरून उतरला. फलक सरळ आहे का, विचारतो आहे. आहे.

आता हातचं काही न राखता,

तुझी ताई

*

शुक्रवार, मधली सुट्टी

पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून हे खाली.

मोठ्या बाईंनी माझा कागद उभ्याने वाचला, मग बसून वाचला. म्हणाल्या, "मी आकडे बदलून पुन्हा चाचणी घेते. तुम्ही व्हरांड्यात थांबा. हात मागे बांधून."

मी थांबले. खिडकीतून दिसत होतं. पहिल्या बेरजेला मुलांनी वर पाहिलं. समोर मोठ्या बाई होत्या. मुलांनी खाली पाहिलं.

सरासरी दहापैकी साडेपाच. आधी साडेआठ होती. सातव्या प्रश्नाला सोळा मुलांचं उत्तर बरोबर आलं, १२१. मला पाच-सहा वाटले होते. खिडकीवालीच्या कागदावर खाडाखोड नाही.

मोठ्या बाईंनी जादा तासाचा बिनसहीचा कागद, माझा कबुलीचा कागद आणि आजचे बेचाळीस कागद एकाच पाकिटात घालून साडेदहाला कार्यालयात पाठवले.