तुझ्या नावावर चालणारा सर्व्हर

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून हा कागद. आम्ही बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आणि बाबा त्याहून जास्त. जिन्यातला दिवा कुणीतरी एकदाचा बदलला.

मी मात्र पार दमलेय रे. ऑफिसातला जुना सर्व्हर सारखा बंद पडतोय, कधीही मान टाकेल. नवा उद्या सकाळी सुरू व्हायलाच हवा, नाहीतर आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दवाखान्यांत पेशंट दारात आणि नोंदणी बंद. आपल्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलंय, पुन्हा खोळंबा झाला तर आम्ही दुसरं कुणी बघू. त्या गेल्या की बाकीचेही जातील आणि बाबांच्या ऑफिसला टाळं लागेल.

यंत्र मांडणं सोपं होतं. घोळ घातला तो बाहेरून घेतलेल्या भागांनी. कॅलेंडर एका कंपनीचं, मेसेज पाठवणारं दुसरीचं, पावती छापणारं तिसरीचं. तुला तरी कुठे सगळं स्वतः लिहायची हौस होती! माझ्या लॅपटॉपवर तिन्ही शहाण्यासारखी वागतात. नव्या सर्व्हरवर कॅलेंडर चाललं, मेसेज गेले, पावतीच्या जागी मात्र कोरं पान. काय बिघडलंय ते सांगेल तर शपथ! त्या कंपनीचा माणूस फोनवर गोड आवाजात म्हणतो, "आमच्याकडे तर चालतंय, मॅडम." असं वाटलं, फोनमधून हात घालून त्याचा कान पिळावा.

शेवटी सापडलं. पावती बनवताना त्याला एक तात्पुरती फाइल लिहावी लागते, आणि ती ठेवायचा फोल्डर होता तुझ्या खात्यात. पावतीच काय, सगळा डोलारा तुझ्या लॉगिनवर उभा होता, सगळे हक्क असलेल्या. घाईघाईत तू तसं लावलंस, "नंतर नीट करू" म्हणालास, आणि मग बाबांशी भांडून निघून गेलास. माझा लॅपटॉप म्हणजे तुझाच जुना, त्यात तुझं खातं अजून आहे, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

तू गेलास, पण तुझं लॉगिन इमानेइतबारे नोकरी करत राहिलं. मध्ये मी ते बंद करायला निघाले तर बाबा अंगावर धावून आले. "असू दे ते. आल्यावर लागेल त्याला." एरवी तुझा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवतात.

काल म्हणाले, "नव्यावरही त्याचंच खातं टाक की. चटकन होईल."

झालंही असतं. पण परक्या कंपन्यांच्या हाती घरभरच्या किल्ल्या कशाला द्यायच्या? मी एक वेगळं खातं केलं. ते कुणाच्याच नावाचं नाही, आणि त्याला त्या एका फोल्डरपुरतीच परवानगी आहे. पावती आली. छापून बाबांना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

"म्हणजे आता त्याची गरज नाही?"

"सर्व्हरला नाही," मी म्हटलं.

ते उठून आत गेले. जेवलेही नाहीत धड.

"मग तुझंच खातं का नाही टाकलंस?" असं त्यांनी मला विचारलं नाही. बरं झालं. विचारलं असतं तर मला रडूच फुटलं असतं. दादा, मला नोकरी लागलीय, लांब. महिनाअखेरीस निघतेय. बाबांना सांगायला तोंड उघडते आणि गुडघ्याला शेक देऊन परत येते. इतकी वर्षं त्यांचं, ऑफिसचं, तुझ्या वाटणीचंही केलं. आता नाही होत रे माझ्याच्याने.

सर्व्हर आपल्या दोघांशिवाय चालेल, तेवढं मी केलंय. बाबा नाही राहू शकणार. चूक कुणाची ते तुम्ही दोघं नंतर ठरवा, हवं तर पुन्हा भांडा, पण समोरासमोर.

जुन्या यंत्रातलं तुझं खातं मी पुसलेलं नाही. मला नाही जमलं. पुसायचंच असेल तर तू ये आणि बाबांच्या देखत पूस.

मी आहे तोवर ये.

तुझी दमलेली,
धाकटी