नाटक्या मेलेला नसतो, झोपलेला असतो

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, शाळेच्या वाचनालयातून निवृत्त, विधवा, डोके ठिकाणावर आणि चष्मा डोळ्यांवर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता माझी इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात लिहिले होते आणि त्यात सगळे माशांना ठेवले होते. वकील म्हणाले, असे चालत नाही.

निमित्त असे की येत्या सोमवारी माझे पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, "काकू, किरकोळ ऑपरेशन आहे." माशांच्या दुकानदारानेही "किरकोळ बुरशी आहे" म्हटले होते आणि आठवड्यात माझे अकरा मासे गेले. म्हणून हा कागद.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना समान वाट्याने. भांडायचे झाल्यास स्वयंपाकघरात भांडावे. पुढच्या खोलीत आवाज चढला की मासे दडून बसतात.

२. बँकेतली ठेव मुलीला. बांगड्या सुनेला. गेली नऊ वर्षे ती त्यांच्याकडे बघत नसल्याचे दाखवते आहे, आणि ते फार कष्टाचे काम आहे.

३. धाकट्या दिरांनी बावीस वर्षे, दर भेटीत, "वहिनी, यातला तळायचा कुठला?" हा एकच विनोद केला. त्यांना मी माशांचे जाळे ठेवते. नुसते जाळे.

४. आता टाकी. हे कलम सावकाश वाचावे.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर हजेरी घेताना नाव पुकारून मान वर करत आणि 'हजर' म्हणणारीचा चेहरा क्षणभर पाहत. कोणाला ताप आहे, कोण घरून रडून आली आहे, त्यांना तेवढ्यात कळायचे. मी माशांची हजेरी तशीच घेते. खाणे टाकण्याआधी दहा मिनिटे नुसते बसायचे. कोणी दगडाला अंग घासतो आहे का, कोणी पर मिटून कोपऱ्यात आहे का, कोणाचे कल्ले धापा टाकल्यासारखे हलतात का, कोणाचा रंग उतरला आहे का. आजार आधी वागण्यात दिसतो, अंगावर मागाहून.

टाकीतला पट्टेरी मासा, नाटक्या, एका कुशीवर आडवा पडून झोपतो. हुबेहूब मेल्यासारखा. त्याच्या जातीची ती सवयच आहे. त्याचा अंत्यविधी आजवर तीनदा होता होता राहिला. तेव्हा टाकी चुकीच्या हाती गेली तर नाटक्या जिवंतपणी कचऱ्यात जाईल, ही माझी खरी काळजी आहे. ऑपरेशनची नाही.

मुलाने पाण्यात एक यंत्र सोडले आहे. ते त्याच्या मोबाईलवर निरोप पाठवते.

"आई, सगळं ठीक दाखवतंय."

"अरे, सगळे वर येऊन तोंड वासतायत, ते बघ की!"

"पण ठीक दाखवतंय ना!"

मुलगी "माझ्यावर किती जीव आहे बघ यांचा" म्हणत मूठभर खाणे टाकते. मीटर बघायला येणाऱ्यावरही त्यांचा तेवढाच जीव आहे. जास्तीच्या खाण्याने पाणी नासते, हे तिला सांगून माझे तोंड दुखले.

राहिली माझी धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी मी चार दिवस बाहेरगावी गेले, तेव्हा तिने आडव्या नाटक्याला पाहून रडून घेतले, रुमालात गुंडाळले आणि कुंडीत खड्डा केला. त्याने शेपटी मारली म्हणून वाचला. तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतेच बोलते.

मागच्या महिन्यात ती आली. टाकीकडे पाहिले, मग माझ्याकडे. बराच वेळ.

"ताई, चार दिवस समोरच्या खिडकीतून बघतेय, तू धड खाल्लेलं नाहीस. रंग उतरलाय. कोपरा धरून बसतेस."

"मला काही झालेलं नाही."

"मासा असतीस तर एव्हाना तूच तुला वेगळ्या भांड्यात काढलं असतंस. ऊठ, रिक्षा खाली थांबलीय."

मुलगा रोज फोन करत होता. मुलगी रोज डबा पाठवत होती. बघितले फक्त धाकटीने. आणि आता मला हेही कळते, की नाटक्यासाठी आजवर रडलेलीही तीच एकटी.

सबब टाकी, दगड, मोटर आणि सर्व मासे धाकट्या बहिणीला. ती समोरच्याच इमारतीत राहते. मुलाने टाकी न्यावी, निम्मे पाणी जुनेच न्यावे.

५. कलम चार माझ्या मृत्यूची वाट न पाहता या रविवारपासूनच लागू करावे. मी बरी होऊन घरी आले तरी टाकी परत मागणार नाही. मात्र धाकटीने टाकीसमोर दोन खुर्च्या ठेवाव्यात. हजेरीला मी रोज सकाळी येईन.

सही (लिहून ठेवणारी)

साक्षीदार: १. माशांचा दुकानदार (अकरा माशांबद्दल माफी मागून सही केली) २. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर

स्थळ: पुढची खोली, टाकीसमोर
दिनांक: ऑपरेशनआधीचा शुक्रवार, सकाळी, माशांचे खाणे झाल्यावर