गिळलेला वन्स मोअर

बाबा,

काल दुपारी दुबईत ऑपेरा पाहिला. नाव ऐकून दचकू नका. झुंबरं नाहीत की गाणाऱ्यांची फौज नाही. पाच वाद्यं, चार माणसं आणि अमेरिकेतलं एक चिमुकलं गाव. गावातलं एकुलतं एक हार्डवेअरचं दुकान बंद होणार, म्हणून सगळे कासावीस. तुम्ही म्हणाला असतात, "अगं, ही तर आपली सावंतवाडीच की!" दुकानदाराच्या बायकोचं काम तुमच्या नातीनं केलं. संगीतच शिकते ती आता. शेवटचं शटर ओढण्याआधी ती बाई फडताळं पुसत गाते, कुणाकुणाच्या घरच्या किल्ल्या इथे बनल्या ते आठवत. काय गायली, बाबा! गाणं संपलं आणि सभागृह गप्प. तिथे मध्येच टाळ्या वाजवत नाहीत. माझ्या अगदी ओठांवर तुमचे ते दोन शब्द आले, आणि मी ते गिळले.

तुम्ही आमच्याकडे अबुधाबीला आला होतात, तेव्हाचा तो तिच्या शाळेचा कार्यक्रम. ती आठ वर्षांची, स्टेजवर एकटी गातेय. गाणं संपतं न संपतं तोच तुम्ही उभे राहता आणि गणपतीतल्या संगीत नाटकाला ओरडायचात तसे खणखणीत ओरडता, "वन्स मोअर!" माना वळतात. दोन रांगा पुढे माझा बॉस. मी तुमचा सदरा ओढते, "बाबा, खलास, पुरे आता! बसा खाली. इथे असं करत नाहीत." तुम्ही बसलात. गाडीत हसून म्हणालात, "जित्याची खोड गं!" पण पुढच्या कार्यक्रमाला गुडघा दुखतोय म्हणून आला नाहीत. गुडघा ठणठणीत होता, हे मला कळत होतं. तरी मी आग्रह केला नाही. दुसऱ्या वर्षी तुम्ही कायमचे गेलात.

काल घरी परतताना तुमची नात म्हणाली, "ममा, आय वेटेड. आफ्टर माय साँग. आजोबा वुड हॅव शाउटेड."

"अगं, इथे असं करत नाहीत."

"आय नो," ती म्हणाली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? ड्रॉवरमध्येच राहील. पण एक कबूल करते. शाळेतल्या त्या दिवशी, तुम्ही ओरडलात त्याच्या क्षणभर आधी, मलाही ते गाणं पुन्हा ऐकायचं होतं.